सव्वासहाचा आणा

१ एप्रिल १९५७, सोमवार. त्या दिवसापासून भारताच्या रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै सरकारी हिशेबातून गेले आणि त्यांच्या जागी शंभर नवे पैसे आले. जुनी नाणी पुढे काही वर्षे हातोहात फिरत राहिली. पण पोस्ट, रेल्वे, बँका, कचेऱ्या यांच्या वह्या त्या सकाळपासून दशांशात लिहिल्या जाऊ लागल्या.

मी तेव्हा बार्शीत तिसरीत होते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, धान्याच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पुढे मी गणिताची शिक्षिका झाले आणि ‘व्यवहारी अपूर्णांकाचे दशांश अपूर्णांकात रूपांतर’ हा धडा निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. पाठ्यपुस्तक तो धडा थोडक्यात उरकते: अंशाला छेदाने भागा, योग्य जागी दशांश चिन्ह द्या, झाले. पण हेच रूपांतर आपल्याकडे एकदा सगळ्या समाजाने, भाजीवालीपासून रिझर्व्ह बँकेपर्यंत, एकाच वेळी करून पाहिले आहे. त्याचा इतिहास मुलांना सांगितला की दशांश का आले ते कळते, आणि पाव, अर्धा, पाऊण आजही का गेले नाहीत तेही कळते. माझे म्हणणे असे आहे की पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, पाठ असलेल्या माणसाला दशांश अर्धेअधिक आधीच येत होते. दशांश आणले ते योग्यच झाले. त्यापायी पावकी टाकून दिली हे मात्र आपले मोठे नुकसान झाले, आणि ते अजूनही भरून काढता येईल.

सुरुवात तराजूपासून करायला हवी. तराजूला मुळात एकच गोष्ट येते: दोन पारडी सारखी करणे. हातात एक शेर धान्य आहे आणि वजनाचा एकही दगड नाही, तरी ते दोन पारड्यांत वाटून अर्धा शेर काढता येतो. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग केले की पावशेर, पावशेराचा अर्धा नवटाक, नवटाकाचा अर्धा छटाक. दहा सारखे भाग करायचे म्हटले तर तराजूची काही मदत होत नाही; तिथे आधी मोजलेली, कोरलेली वजने लागतात. म्हणून बाजार जिथे जिथे तराजूवर उभा राहिला तिथे तिथे अर्ध्याचे अर्धे हाच त्याचा स्वभाव झाला. मापांचेही तेच. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. आमच्या घरी ही लाकडी-लोखंडी मापे एकात एक बसवून ठेवलेली असत. आई पीठ-मीठ मोजताना एक माप सापडले नाही तर खालचे दोनदा भरायची. तिला आकडा लिहिता येत नव्हता; दुप्पट आणि निम्मे मात्र तिच्या हातात होते.

रुपयाही याच वळणाचा. रुपयाचा अर्धा म्हणजे आठ आणे, म्हणजे अधेली. तिचा अर्धा पावली, पावलीचा अर्धा चवली, चवलीचा अर्धा आणा. आण्याचा अर्धा ढब्बू पैसा आणि त्याचा अर्धा साधा पैसा. सहा वेळा अर्धे केले की रुपयाचा पैसा होतो, म्हणून पैसे चौसष्ट.

या सगळ्या व्यवहाराला जे पाठांतर लागे ते गावठी शाळेत पंतोजी घोकून घेत आणि पुढे सरकारी प्राथमिक शाळांनीही ते चालू ठेवले. तीसपर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. पावकी म्हणजे पावाचा पाढा: चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन. औटकी साडेतीनाची: सात औट साडेचोवीस. संध्याकाळी दिवेलागणीला शुभंकरोती झाले की परवचा सुरू व्हायचा, आणि बार्शीतल्या आमच्या वाड्यात चार-पाच बिऱ्हाडांतून एकाच वेळी निरनिराळे पाढे ऐकू यायचे.

हे पाढे म्हणजे नुसती घोकंपट्टी होती असे म्हणणाऱ्यांना मी अडतीवरचा हिशेब दाखवते. मण गावोगाव वेगळा असे. पण रेल्वेने माल जायचा तो चाळीस शेरांच्या पक्क्या मणाने. भाव रुपयांत आणि मणाला बोलला जाई, गिऱ्हाइकाला मात्र शेराचा भाव हवा असे, तोही आण्यांत. आता पाहा. अडीच रुपयांचे आणे होतात चाळीस, आणि मणाचे शेरही चाळीस. म्हणजे अडीच रुपये मण असेल तर आणा शेर. मग पाच रुपये मणाला दोन आणे शेर, साडेसात रुपयांना तीन आणे, साडेसतरा रुपयांना सात आणे. ज्याला अडीचकी पाठ आहे त्याच्यापुढे मणाच्या भावाचे शेराच्या भावात रूपांतर तयार ठेवलेले आहे. सात अडीच साडेसतरा हे तो आठव्या वर्षी शिकतो आणि आयुष्यभर बाजारात वापरतो.

पुढची पायरीही तोंडीच. साडेसतरा रुपये मणाची तूर पावणेतीन शेर घेतली. शेराचे सात आणे, म्हणून दोन शेरांचे चौदा. राहिला पाऊण शेर. पाऊणकीत सात पाऊण सव्वापाच. चौदा आणि सव्वापाच, सव्वाएकोणीस आणे. रुपयाचे सोळा गेले, उरले सव्वातीन. म्हणजे एक रुपया, तीन आणे, एक पैसा. अण्णा हे गिऱ्हाईक पिशवीचे तोंड बांधेपर्यंत सांगत. वहीत आकडा नंतर चढे, आणि तो चढवताना बोललेला हिशेब पुन्हा एकदा ताडला जाई.

ती वही मला शिक्षिका झाल्यावर खऱ्या अर्थाने वाचता आली. कीर्द आणि खतावणी मोडीत असत. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. जुन्या छापील मराठी पुस्तकांतही १।, १॥, १॥। असे सव्वा, दीड, पावणेदोन दिसतात. उभ्या रेघा तीनपर्यंतच, कारण चौथा पाव आला की पूर्ण आकडा एकाने वाढतो. आण्यांसाठी निराळ्या, आडव्या झुकत्या रेघा. त्याही तीनपर्यंतच, कारण चार आणे झाले की उभी पावाची रेघ येते. सात आणे लिहायचे तर एक उभी रेघ आणि तीन आडव्या: एक पाव, वर तीन आणे. आण्याखालचे पैसेही तीनच, चौथ्या पैशाला आणा.

या लेखनाकडे गणिताच्या नजरेने पाहिले की एक सुंदर गोष्ट दिसते. दशांश पद्धतीत पूर्णांकाच्या उजवीकडे पहिले घर दहाव्या भागाचे, दुसरे शंभराव्या, तिसरे हजाराव्या भागाचे, आणि प्रत्येक घरात शून्य ते नऊ. कीर्दीत पहिले घर चौथ्या भागाचे, दुसरे सोळाव्या, तिसरे चौसष्टाव्या भागाचे, आणि प्रत्येक घरात शून्य ते तीन. रचना तीच आहे, फक्त पाया दहाऐवजी चाराचा आहे. महाराष्ट्रातले कारकून आणि वाणी अपूर्णांक घरांत मांडून लिहीत होते. घर भरले की हातचा डावीकडे नेत होते. १९५७ साली त्यांच्यासमोर आलेला प्रश्न खरे तर पाया बदलण्याचा होता: चाराच्या घरांत लिहिलेली रक्कम दहाच्या घरांत कशी लिहायची.

दहाच्या घरांत विचार करणे आपल्याला परके होते असेही नाही. मराठेशाहीच्या महसुलात पाव आणि शेकडा शेजारी शेजारी नांदत. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून ज्या सनदा घेऊन आले त्यांत दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी होती. चौथाई म्हणजे वसुलाचा पाव हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा. एक चाराचा भाग, एक दहाचा. त्या चौथाईचीही पुढे वाटणी झाली: राजाची बाबती चौथाईचा पाव भाग, सहोत्रा चौथाईवर शेकडा सहा, नाडगौडा शेकडा तीन, आणि उरलेला शेकडा सहासष्टचा मोकासा सरदारांकडे.

ही वाटणी मी वर्गात फळ्यावर मांडायची. वसूल शंभर रुपये धरा. चौथाई पंचवीस. पंचविसाचा पाव सव्वासहा, ही बाबती. पंचविसावर शेकडा सहाप्रमाणे दीड रुपया सहोत्रा, शेकडा तीनप्रमाणे पाऊण रुपया नाडगौडा, आणि शेकडा सहासष्टप्रमाणे साडेसोळा रुपये मोकासा. सव्वासहा, दीड, पाऊण, साडेसोळा. बेरीज बरोबर पंचवीस. आता हेच ६.२५, १.५०, ०.७५ आणि १६.५० असे लिहा. एकाही आकड्याला दोनपेक्षा जास्त दशांश स्थळे लागत नाहीत. आणि बाबतीचे सव्वासहा तर थेट १९५७ ला येऊन भिडते, कारण शंभराचा सोळावा भाग सव्वासहा. रुपयाचा आणा म्हणजेच सव्वासहा नवे पैसे.

याच्याही मागे जायचे तर भास्कराचार्यांपर्यंत जाता येते. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीची सुरुवातच नाणी, वजने आणि मापे यांच्या कोष्टकांनी होते: वीस वराटकांची म्हणजे कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. तिथेही चार आणि सोळा आहेतच. अपूर्णांकाच्या अपूर्णांकावरचे त्यांचे एक उदाहरण माझे फार आवडते. एका कंजुषाने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा पाव भाग दिला. तर किती कवड्या दिल्या? सगळे गुणाकार केले की एक हजार दोनशे ऐंशीवा भाग येतो. द्रम्माच्या कवड्याही तेवढ्याच: सोळा गुणिले चार गुणिले वीस. उत्तर एक कवडी. त्या आचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, आणि १२०७ सालचा त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. खानदेशातल्या त्या गावात अपूर्णांक शिकवले जात होते, ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला माहीत असायला हवी.

दशांश चिन्हाने लिहायचे अपूर्णांक मात्र आपल्याकडे इंग्रजी अमलातल्या शाळांबरोबर आले. युरोपात त्यांचा प्रसार सिमॉन स्टेव्हिन याच्या १५८५ च्या छोट्या पुस्तकाने झाला. ते त्याने मोजणीदार, व्यापारी, नाणी पाडणारे अशा कामकरी लोकांसाठी लिहिले होते. फ्रान्सने अठराव्या शतकाच्या शेवटी वजने-मापे दशमान केली. आपल्याकडे १८७१ साली वजन-मापांचा कायदा झाला, पण तो अमलात आला नाही. पुढे १९४६ मध्ये दशमान नाण्यांचे विधेयक आले, तेही तसेच राहिले. स्वातंत्र्यानंतर प्रशांतचंद्र महालनोबीस आणि पीतांबर पंत यांच्यासारख्या लोकांनी इंडियन डेसिमल सोसायटीतर्फे हा प्रश्न लावून धरला, पंडित नेहरूंनी त्यामागे बळ उभे केले आणि १९५५ साली नाणेविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल १९५७ पासून लागू झाली. पैशाच्या नावामागचा ‘नवा’ १ जून १९६४ ला गळला.

कायद्याने रूपांतराचा नियम असा घातला: रक्कम नव्या पैशांत काढताना अपूर्णांक अर्धा किंवा त्याहून कमी राहिला तर सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त राहिला तर एक पैसा धरायचा. त्यावरून तक्ते छापले गेले आणि दुकानादुकानांत टांगले गेले. एक आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९, चारचे २५. पाचचे ३१, सहाचे ३७, सातचे ४४, आठचे ५०. मला तो तक्ता चालीवर म्हणता यायचा, आणि त्यातली एक खोच लहानपणीही बोचायची: दर आण्याला वाढ सारखी का नाही? सहा, सहा, सात, सहा. त्याचे उत्तर सव्वासहात आहे. प्रत्येक आण्याबरोबर पाव पैसा साचत जातो. एक पाव सोडून दिला, दुसऱ्याने अर्धा झाला तोही सोडला, तिसऱ्याला पाऊण झाला म्हणून एक धरला, चौथ्याला बरोबर एक. सहा, साडेबारा, पावणेएकोणीस, पंचवीस. पावकीच ती.

मोठ्या रकमांना हा नियम निरुपद्रवी होता. हाल झाले ते पैसा-पैशाने जगणाऱ्यांचे. जुना एक पैसा म्हणजे १.५६२५ नवा पैसा. अपूर्णांक अर्ध्याहून जास्त, म्हणून त्याचे दोन नवे पैसे धरले जात. एक पैशाची कोथिंबीर, एक पैशाचे जिरे, एक पैशाच्या गोळ्या. असे चार पैशांचे चार जिन्नस वेगवेगळे घेतले तर आठ नवे पैसे जात. एकत्र घेतले तर ते आण्याचे होत आणि सहा नवे पैसे लागत. उलट, आण्या-आण्याची मोड करून घेणाऱ्याला सोळा आण्यांचे शहाण्णवच पैसे मिळत. सोळा आणे एकदम पुढे केले तर शंभर. अण्णा आईला बजावत, “तुटक तुटक पैसे देऊ नकोस. सगळा बाजार आधी आण्यांत जोड, आणि शेवटी एकदाच नवे पैसे कर.” दुकानात हमालांनाही ते हेच सांगत.

गणितातला एक महत्त्वाचा नियम मी असा घरी ऐकला: बेरीज आधी, रूपांतर शेवटी, आणि जवळच्या पूर्णांकात आणणे सगळ्यांत शेवटी. मघाच्या तुरीचा हिशेब घ्या. सव्वाएकोणीस आणे गुणिले सव्वासहा, म्हणजे १२०.३१२५ नवे पैसे. नियमाप्रमाणे एक रुपया वीस पैसे. हेच एकेक शेराचे वेगळे रूपांतर करून जोडले तर सात आण्यांचे ४४ दोनदा, म्हणजे ८८, आणि पाऊण शेराच्या सव्वापाच आण्यांचे ३२.८१२५ म्हणून ३३, बेरीज १२१. एका पैशाचा फरक. कॉलेजात शास्त्र शिकणारी मुले मधल्या पायरीवर आकडे तोडून अंतिम उत्तर बिघडवतात तेव्हा नेमके हेच घडत असते.

पोस्टानेही निवाडा करावाच लागला. दोन आण्यांच्या लिफाफ्याचे साडेबारा होत, तक्त्याने बारा; पोस्टाने मात्र तेरा केले. त्या दिवशी निघालेल्या, भारताचा नकाशा असलेल्या नव्या तिकिटांच्या मालिकेत १३ नव्या पैशांचे तिकीट होते. पावाचा हिशेब शंभरात बसवताना कुठे ना कुठे अर्धा पैसा कोणाच्या तरी खिशातून जाणार, हे त्या १३ ने देशभर पोचवले.

इथे अपूर्णांकांचे दोन कुळांत भाग पडतात, आणि रूपांतराच्या धड्याचे मर्म तेच आहे. आणा आणि पैसा शंभरात बसताना शेपूट लांबते, पण ते संपते: ६.२५, १.५६२५. कारण त्यांचे छेद नुसत्या दोनांच्याच गुणाकारातून आलेले आहेत आणि दहा म्हणजे दोन गुणिले पाच. दहाच्या घरांत अर्धे करायचे म्हणजे पाचाने गुणून एक घर उजवीकडे सरकायचे. म्हणून अर्धा ०.५, पाव ०.२५, पावाचा अर्धा ०.१२५, त्याचा अर्धा ०.०६२५. पाच, पंचवीस, एकशे पंचवीस, सहाशे पंचवीस. दर निमपटीला एक नवे स्थळ.

पै मात्र निराळी. पैशाचे तीन भाग केले की पै, रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग. तिचे नवे पैसे करू लागले की ०.५२०८३३३… असा आकडा येतो आणि तो कधीच थांबत नाही, कारण छेदात तीन आहे आणि दहात तीन नाही. सोन्याच्या तोळ्याचेही तेच: तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. माशाचे दशांशात रूपांतर करताना बाराव्या भागातला तीन आडवा येतो. बटईने जमीन कसताना मालकाला पिकाचा तिसरा हिस्सा देण्याची रीत होती. तो हिस्सा धान्याच्या राशीत पायलीने तीन वाटे करून बिनचूक देता येई. शेकड्यात लिहायचा तर ३३.३३ लिहून पुढे थांबावे लागते. राशीतला तिसरा वाटा पूर्ण असतो. तो दहाच्या घरांत मावत नाही इतकेच.

उलटीकडूनही हेच. दहा नव्या पैशांचे नाणे आले तेव्हा त्याचे नेमके किती आणे-पैसे, याला जुन्या नाण्यांत पुरते उत्तरच नव्हते. एक आणा, दोन पैसे, आणि वर पैशाचे दोन पंचमांश. कीर्दीच्या चाराच्या घरांत रुपयाचा दहावा भाग लिहू गेलात तर एक-दोन, एक-दोन अशी रांग न संपता चालू राहते. संगणक आकडे सहसा अर्ध्या-अर्ध्याच्या घरांत साठवतो, म्हणून ०.१ त्याच्याही पोटात पुरता बसत नाही, आणि म्हणून पैशांचे हिशेब करणाऱ्या बऱ्याच प्रणाली रुपयांऐवजी पूर्ण पैसे मोजतात. आमच्या वेळच्या वाण्यासमोरची अडचण आजच्या अभियंत्यासमोर आहे, आणि तोडगाही अण्णांनी सांगितला त्याच वळणाचा आहे: पूर्ण आकड्यांत काम करा, तोडणे शेवटी.

नाण्यांपाठोपाठ वजने बदलली. १९५६ साली कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला. १९६२ पर्यंत शेर आणि मण कायद्याने गेले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास, तर पाव किलो २५०. फरक थोडा असल्यामुळे घराघरांतल्या बायकांनी शेराच्या जागी किलो सहज बसवला. कायद्याची वजने एक, दोन, पाच या क्रमाने आली: ५० ग्रॅम, १००, २००, ५००. गिऱ्हाईक मात्र पावच मागत राहिले. म्हणून वाणी अजूनही पाव किलोसाठी पारड्यात २०० आणि ५० अशी दोन वजने टाकतो. देणारा दशांशात तोलतो, मागणारा पावात मागतो, आणि दोघांमधले रूपांतर त्या दोन लोखंडी तुकड्यांनी होते. सोन्याच्या दुकानात तोळा हे माप राहिले, पण तो आता ११.६६ ग्रॅमचा उरला नाही; बोलताना तोळा म्हणजे दहा ग्रॅम. व्याजातही असाच बदल झाला. ‘रुपयाला महिना पैसा’ हा जुना दर म्हणजे साल शेकडा पावणेएकोणीस. नव्या पैशाने धरला तर साल शेकडा बारा. जुने कर्जरोखे वाचणाऱ्याने कोणता पैसा हे पाहिल्याशिवाय दर सांगू नये.

शाळेत मात्र रूपांतर झाले नाही. तिथे एक पद्धत आली आणि दुसरी निघून गेली. आणे गेले, मग आता पावकी-औटकी कशाला, असा विचार झाला आणि हळूहळू ते पाढे वर्गातून दिसेनासे झाले. पहिल्या काही वर्षांतल्या माझ्या विद्यार्थ्यांना घरच्या परवच्यामुळे पाऊणकी येत असे. नंतरच्या मुलांना ०.७५ गुणिले १२ हे कागदावर मांडून, दशांश स्थळे मोजून, कधी ९ तर कधी ०.९ आणि कधी ९० असे येऊ लागले. बारा पाऊण नऊ हे ज्याला पाठ आहे त्याच्याकडून दशांश चिन्हाची ही चूक होत नाही, कारण उत्तर केवढे यायला हवे हे त्याला आधीच माहीत असते.

म्हणून मी माझ्या वर्गात पाढे पुन्हा सुरू केले, नव्या कपड्यांत. फळ्यावर दोन रकाने. डावीकडे पावकी जुन्या चालीत, उजवीकडे तीच दशांशात: पाच पाव सव्वा, १.२५, सात पाव पावणेदोन, १.७५. दिडकी म्हणजे १.५ चा पाढा, अडीचकी २.५ चा, औटकी ३.५ चा. मुलांनी आवाज लावून डावा रकाना म्हणायचा आणि लिहायचा उजवा. आठवडाभरात ती ०.२५ ला पाव, ०.७५ ला पाऊण म्हणू लागत. मग मी त्यांना एक रुपया तिघांत पैसे न मोडता वाटायला सांगत असे. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, आणि एक उरला. का उरला, हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगितले की पुस्तकातला नियम शिकवायला फारसा वेळ लागत नसे.

आजही आपण दीड किलो, अडीच लाख, साडेसात टक्के असेच बोलतो. लिहितो मात्र १.५, २.५, ७.५. ज्या मुलाला दोन्हींची सांगड लहानपणी घालून मिळते त्याला शेकडेवारी, व्याज, सवलत, कर यांतले बरेचसे हिशेब तोंडी येतात आणि यंत्राने दाखवलेला चुकीचा आकडा लगेच खटकतो. यासाठी नवा विषय नको, नवे पुस्तक नको. पाचवीच्या वर्गात रोज दहा मिनिटे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणून घ्यावी आणि शेजारी दशांशात लिहून घ्यावी. ज्यांना हे पाढे पाठ आहेत असे आजी-आजोबा अजून पुष्कळ घरांत आहेत. त्यांना शाळेत बोलवावे, मुलांसमोर बसवावे. त्यांच्याकडून हे आता उतरवून घेतले तर पुढच्या पिढीला मिळेल. शिक्षकांना आणि पालकांना माझी ही आग्रहाची विनंती आहे.